हब उघडायचे दिवस

दसऱ्याच्या सकाळी धुळ्यात गल्लोगल्ली सायकली धुतल्या जातात. जुने धुळे असो, देवपूर असो की साक्री रोडवरच्या कॉलन्या. ओट्यासमोर सायकल उभी राहते, तिच्यावर बादल्या रित्या होतात, रिमा फडक्याने लखलखीत होतात, हँडलला झेंडूची माळ चढते आणि मडगार्डवर कुंकवाचे बोट उमटते. ज्या साधनावर घर चालते त्याची वर्षातून एकदा पूजा करायची, ही रीत मला मनापासून प्रिय आहे. पण या पूजेत एक गोष्ट राहून जाते. चाकाच्या मध्यावरचा हब बाहेरून पुसला जातो, आत कोणी डोकावत नाही. उलट नळीने मारलेले पाणी धूळकव्हराच्या फटीतून आत जाते आणि पावसाळ्यातून जेमतेम वाचलेले ग्रीसही नासवते.

हा लेख त्या न उघडलेल्या हबबद्दल आहे. त्यातही नव्वदच्या दशकातल्या, जाड टायरच्या, सरळ हँडलच्या डोंगरी सायकलींच्या हबबद्दल. माझे म्हणणे सरळ आहे. हब वयामुळे मरत नाही. तो धुळीने, पाण्याने आणि चुकीच्या आवळण्याने मरतो, आणि या तिन्हींवर इलाज आहे. तो इलाज करणारे हात आपल्या शहरात अजून आहेत. पाऊस सरला आहे, कापसाची धावपळ अंगावर आलेली नाही. दसरा ते दिवाळी हे हब उघडायचे दिवस आहेत.

काळी माती आणि बेसॉल्टचा चुरा

धुळे दोन मोठ्या रस्त्यांच्या चौफुलीवर वसलेले आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग इथे एकमेकांना छेदतात. महामार्ग सोडून एखाद्या गावाकडे वळले की डांबर लवकरच संपते आणि खानदेशची खरी जमीन सुरू होते. पांझरा आणि तापीच्या खोऱ्यातली काळी माती पावसात फुगून टायरला, चिमट्याला, ब्रेकला थापल्यासारखी चिकटते. उन्हाळ्यात तीच भेगाळते आणि बारीक भुकटी होऊन उडते. लळिंगच्या किल्ल्याखालच्या कुरणात जा किंवा नकाणे तलावाकडच्या कच्च्या वाटांनी फिरा. वर खडी, खाली मुरूम. हा सगळा दख्खनच्या लाव्ह्याचा, म्हणजे बेसॉल्टचा प्रदेश. त्याची धूळ मऊ दिसते, पण तिच्यात कठीण खनिजांचे कण असतात.

हे कण हबमध्ये शिरले की ग्रीसमध्ये कालवले जातात. मोटारीच्या गॅरेजात व्हॉल्व्ह घासायला जी पेस्ट वापरतात, तिचेच काम हे मिश्रण करते. चाक फिरत राहते, स्वाराला काही जाणवत नाही आणि आत पोलाद झिजत जाते. पावसाळ्यात पाण्याची भर पडते. ग्रीस दुधाळ होते, मग पातळ होऊन वाहून जाते आणि उघड्या पडलेल्या पोलादावर गंजाचे ठिपके उठतात. मे महिन्यात पारा ४०च्या वर गेला की उरलेसुरले जुने ग्रीस वाळून कडेला खपलीसारखे बसते. थंड, ओल्या युरोपसाठी लिहिलेल्या पुस्तिकांतले वेळापत्रक खानदेशाला लागू पडत नाही. रोज कच्च्या रस्त्याने जाणाऱ्या सायकलीचे दोन्ही हब इथे वर्षातून एकदा उघडलेच पाहिजेत.

रेंजर आली तेव्हा

आपल्याकडची मूळ सायकल काळी, उंच, २८ इंची चाकांची. मद्रासजवळ १९४९ मध्ये स्थापन झालेल्या टीआय सायकल्सने हर्क्युलिस घडवली, सोनीपतची ॲटलस १९५१ मध्ये सुरू झाली, लुधियानात मुंजाल बंधूंची हिरो १९५६ मध्ये. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. या सायकली ओझ्यासाठी होत्या. पुढच्या चाकाला ३२ तारा आणि मागच्याला ४०, कारण दुधाचे कॅन, चाऱ्याचे भारे आणि मागे बसलेले माणूस यांचे वजन मागच्या चाकावरच यायचे.

नव्वदच्या दशकात २६ इंची चाके, गाठीगाठींचे जाड टायर आणि सरळ हँडल घेऊन दुसरी पिढी आली. त्यांत हिरोची रेंजर एवढी पसरली की गावोगाव कोणत्याही जाड टायरच्या सायकलीला रेंजरच म्हणू लागले. दहावीच्या निकालाला वडिलांकडे मागायची वस्तू ती हीच. त्या काळातल्या अनेक रेंजर आज धुळ्यात माळ्यावर, गोठ्यात, जिन्याखाली उभ्या आहेत. सांगाडा शाबूत, रंग उडालेला, टायर तडकलेले आणि चाक फिरवले की मध्यातून खरखर. लोक त्या भंगारात देतात ते बहुतेक वेळा या खरखरीपायी.

या सायकलींचा मूळ वंश कॅलिफोर्नियातला. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला माउंट टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. त्याच्या परिसरातल्या एका मातीच्या उतारावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुणांनी घड्याळ लावून शर्यत घेतली. सायकली होत्या १९३०-४०च्या काळातल्या जाडजूड श्विन. ब्रेक मागच्या हबमध्ये, पॅडल उलटे दाबले की लागणारा. सुमारे दोन मैलांत १,३०० फूट उतरताना तो हब असा तापायचा की आतले ग्रीस जळून धूर निघायचा. पुढच्या उतरणीआधी हब उघडायचा, पुसायचा आणि नव्याने ग्रीस भरायचे. त्या उताराला रीपॅक, म्हणजे पुन्हा भरणे, हे नाव या कामावरूनच पडले. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली हे पुढे गाजलेले लोक याच शर्यतींतले. १९७९ मध्ये फिशर आणि केली यांनी डोंगरी सायकली विकायचा धंदा सुरू केला, १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची स्टम्पजम्पर बाजारात आली आणि १९८२ मध्ये शिमानोने डिओर एक्सटी हा खास डोंगरी सायकलींचा संच काढला. म्हणजे डोंगरी सायकलीच्या जन्मापासून तिच्या स्वाराला हब उघडता येत होता. आपल्याकडे सायकल आली, ही सवय मात्र सोबत आली नाही.

आत काय असते

हबच्या दोन्ही तोंडांशी पोलादाची एकेक वाटी घट्ट बसवलेली असते. तिला दुकानात कप म्हणतात. मधून एक्सल जातो. एक्सलच्या आट्यांवर दोन्ही बाजूंनी एकेक कोन फिरवून बसवतात, आणि कोन व कप यांच्यामधल्या गोल वाटेत छर्रे धावतात. कोनच्या बाहेर वायसर आणि त्यावर लॉकनट, कोन जागचा हलू नये म्हणून. बस, एवढेच. पुढच्या हबमध्ये सहसा एका बाजूला ३/१६ इंची दहा छर्रे, मागच्यात पाव इंची नऊ. स्वस्त हबमध्ये ते पत्र्याच्या जाळीत अडकवलेले असतात. जाळी काढून सुटे छर्रे भरले तर जास्त मावतात आणि भार जास्त ठिकाणी वाटला जातो.

या रचनेला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. पॅरिसच्या ज्यूल सुरिरे या सायकल कारागिराने १८६९ मध्ये छर्ऱ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. पण हाताने घडवलेले छर्रे एकसारखे नसत. १८८३ मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्टला फ्रीड्रिश फिशरने छर्रे घासून एकाच मापाचे आणि पक्के गोल करणारे यंत्र बनवले, तेव्हा बेअरिंगचा खरा उद्योग उभा राहिला. आजच्या मिस्त्रीला यातून एक धडा मिळतो. नऊ छर्ऱ्यांत एक केसभर मोठा असेल तर भार त्या एकावर येतो आणि तो कपला खड्डे पाडतो. म्हणून जुन्यांत दोन नवे मिसळायचे नाहीत. बदलायचे तर सगळे, तेही एकाच पुडीतले. छर्ऱ्यांची पुडी ही सायकलच्या दुकानातली सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी एक आहे; इथे काटकसर करण्यात काही अर्थ नाही.

झीज कुठे होते हेही समजून घ्यावे. चाक फिरते तसा कप फिरतो, त्यामुळे त्याच्यावरचा भार चारी बाजूंना वाटला जातो. एक्सल आणि कोन मात्र चिमट्यात आवळलेले, जागचे न हलणारे. स्वाराचे वजन कायम कोनच्या खालच्या बाजूवरच येते. खड्डे पडतात ते आधी तिथे. ही रचना करणाऱ्यांची दूरदृष्टी मोठी: झिजणारा भाग तोच ठेवला, जो आट्यांवरून फिरवून काढता येतो आणि किरकोळ किमतीत नवा मिळतो. कोन झिजून हबला वाचवतो. पण तो वेळेवर बदलला नाही, तर त्याच्या खड्ड्यांतून उडालेले पोलादाचे कण कपला खातात. कप गेला की बहुतेक हब गेलाच. मग ३६ तारा सोडायच्या, नवा हब घालून पुन्हा विणायच्या आणि चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढत बसायचे.

एक चाक, जवळून

आग्रा रोडलगतच्या एका बोळातल्या दुकानात मी एका जुन्या रेंजरचे पुढचे चाक उघडताना पाहिले. मिस्त्रींनी आधी सायकल उलटी केली नाही. चाक चिमट्यातच ठेवून रिम वरच्या टोकाला धरली आणि डावी-उजवीकडे हलवली. किंचित टकटक लागली. ‘चाकमा खेळ शे,’ म्हणजे चाक सैल आहे, एवढेच बोलले. मग चाक उचलून हळू फिरवले आणि दुसऱ्या हाताची बोटे चिमट्यावर टेकवली. खरखर कानांपेक्षा बोटांना आधी कळते.

चाक काढून एका बाजूचा कोन पातळ पान्याने धरला आणि दुसऱ्या पान्याने लॉकनट सोडला. हा पातळ पाना महत्त्वाचा. कोनच्या चपट्या कडा अगदी अरुंद असतात. जाड पाना तिथे बसत नाही आणि पकडीने धरले तर कडा गोल होतात. दुसऱ्या बाजूचा कोन आणि लॉकनट त्यांनी मुद्दाम तसाच ठेवला, म्हणजे परत बसवताना एक्सल दोन्हीकडे पूर्वीइतकाच बाहेर येईल. चाक एका थाळीवर आडवे धरून एक्सल उपसला. थाळीत काळपट, वाळूमिश्रित लगदा आणि त्यात छर्रे पडले. मिस्त्रींनी ते मोजले. मोजणे कधीही चुकवायचे नाही, कारण पुस्तकातल्या आकड्यापेक्षा तुमच्या हबमधला आकडा खरा. मात्र एखादा आधीच गळून गेलेला असू शकतो, म्हणून दोन्ही बाजूंचे आकडे ताडून पाहायचे.

पूर्वी धुवायला रॉकेल असे. आता बहुतेक दुकानांत डिझेल. जुन्या ब्रशने कप घासले, चिंधीने कोरडे केले. मग कोन उजेडात धरून फिरवला. निरोगी कोनवर छर्ऱ्यांच्या वाटेची एक अखंड, चकचकीत रेघ असते. या कोनवर ती रेघ एका जागी खरबडली होती, सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे. डोळ्यांना शंका राहिली तर बॉलपेनाचे टोक त्या वाटेवरून फिरवायचे. खड्ड्यात ते अडखळते. कोन बाद. कप मात्र गुळगुळीत निघाले. एवढ्याने चाक वाचले.

नवा कोन घेताना जुना हातात घेऊन जायचा. आट्या तशाच हव्यात, उंची तीच हवी आणि मुख्य म्हणजे छर्रा जिथे टेकतो तो वळसा तसाच हवा. आपल्या देशी सायकलींचे सुटे भाग लुधियानात मोठ्या संख्येने बनतात आणि एका कंपनीचे दुसरीला बरेचदा चालतात. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, जागतिक सायकलदिनीच, बंद पडला. तरी ज्याच्याकडे ॲटलस सायकल आहे त्याचे कोनवाचून अडत नाही ते यामुळे. जुन्या आयात सायकलींचे तसे नाही. त्यांचा कोन मिळाला की दोन घेऊन ठेवावेत. अगदीच मिळत नसेल तर एक्सल अर्धा फेरा फिरवून बसवतात, म्हणजे भार कोनच्या न झिजलेल्या बाजूवर येतो. हा इलाज तात्पुरता आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे.

कपमध्ये ग्रीसचा थर द्यायचा. खानदेशात दुकानोदुकानी मिळणारे लिथियमचे एपी-थ्री ग्रीस या कामाला पुरेसे आहे. छर्रे त्यात एकेक करून रोवायचे. ते ग्रीसमध्ये चिकटून राहतात. वर पुन्हा थोडे ग्रीस, कारण कडेला जमलेला थरच पुढच्या पावसाळ्यात पाण्याला आणि धुळीला अडवतो. मग एक्सल घालायचा आणि कोन बोटांनी टेकेपर्यंत फिरवायचा.

खरी कसोटी पुढे आहे. कोन जास्त आवळला तर छर्रे वाटेवर चेपले जातात आणि नवे कोन काही आठवड्यांत खराब होतात. सैल राहिला तर चाक डुगडुगते आणि प्रत्येक खड्ड्यात छर्रे आपटतात. त्यात लॉकनट आवळताना आट्यांतली उरलेली ढिलाई निघते आणि जुळवलेले माप पुन्हा थोडे घट्ट होते. म्हणून आधी किंचित सैल ठेवायचे, लॉकनट आवळायचा, पाहायचे, सोडायचे, पुन्हा जुळवायचे. नटवाल्या एक्सलला शेवटी अजिबात खेळ राहता कामा नये. आयात सायकलींना असतो तसा खटक्याने आवळायचा पोकळ एक्सल असेल तर खटका लावण्याआधी केसभर खेळ ठेवायचा. खटका एक्सलला दाबतो आणि तो खेळ नाहीसा होतो. मिस्त्रींनी हे तीनदा केले. चौथ्यांदा चाक चिमट्यात बसवून सोडले तेव्हा व्हॉल्व्हचे वजन तेवढे त्याला खाली ओढू लागले. चाक झोके घेत घेत व्हॉल्व्ह तळाशी येऊन थांबले. एवढ्या हलक्या वजनाने चाक वळते म्हणजे आत काही अडत नाही.

मागचे चाक आणि बंद बेअरिंग

मागच्या हबचे काम तेच, पण उजवीकडे फ्रीव्हील असते आणि ते काढल्याशिवाय त्या बाजूचा कोन नीट दिसत नाही. गिअरच्या जुन्या सायकलींत इथे एक जुनाट दुखणे आहे. पाच-सहा चकत्यांचे फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसते, त्यामुळे उजवीकडचे छर्रे आत सरकतात आणि एक्सलचा मोठा तुकडा आधाराविना राहतो. खड्ड्यातल्या दणक्याने तो वाकतो. कोन बदलूनही चाक एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल लागत असेल, तर एक्सल सपाट काचेवर लोळवून पाहावा. वाकलेला असेल तर सरळ करत बसू नये, नवा घालावा. शिमानोने १९७८ मध्ये फ्रीहब आणला तो हेच टाळायला. त्यात उजवीकडचे छर्रे बाहेर, सांगाड्याजवळ नेले. फ्रीव्हीलच्या आत मात्र घट्ट ग्रीस भरू नये. त्यातल्या खिट्ट्या चिकटतात आणि पॅडल रिकामे फिरते. तिथे पातळ तेलच.

कोन-कपऐवजी बंद बेअरिंग घालायची कल्पनाही जुनी आहे. कॅलिफोर्नियातल्या फिल वुड यांनी १९७१ पासून असे हब बनवले. आज बऱ्याच नव्या सायकलींत तेच असतात आणि ‘याला काही करावे लागत नाही’ असे सांगून विकले जातात. ते खरे नाही. रबराची कड धूळ बराच काळ अडवते, पण पाणी एकदा आत गेले की बाहेर यायला वाट नसते. मग बेअरिंग बदलावे लागते. धुळ्यात ते शोधायला सायकलच्याच दुकानात जायची गरज नाही. यंत्रमागांच्या आणि पंपांच्या या गावात बेअरिंगची दुकाने आहेत. बेअरिंगच्या कडेवर आकडा कोरलेला असतो. ६००० म्हणजे आतले भोक १० मिलिमीटर, ६००१ म्हणजे १२, ६००२ म्हणजे १५. पुढे ‘झेडझेड’ असेल तर पत्र्याचे झाकण, ‘टूआरएस’ असेल तर दोन्हीकडे रबर. आपल्या धुळीला रबरच हवे. छताच्या पंख्याला जशी ६२०२ मागतो, तशीच सायकलची बेअरिंग आकड्यावर मागता येते.

बसवताना एकच नियम, पण तो पाळलाच पाहिजे: जोर बाहेरच्या कड्यावर द्यायचा, आतल्यावर कधीही नाही. आतल्या कड्यावर हातोडी मारली तर तो सगळा दणका छर्ऱ्यांतून जातो आणि नव्या कोऱ्या बेअरिंगच्या वाटेवर पहिल्याच दिवशी खड्डे पडतात. लांब बोल्ट, दोन नट, जाड वायसर आणि त्याच मापाचे एक जुने बेअरिंग एवढ्यावर घरगुती दाबयंत्र होते. नट हळूहळू आवळत गेले की बेअरिंग सरळ आत जाते. ज्यांच्या हाताला लेथ आणि पंपाची सवय आहे अशा धुळ्यातल्या कारागिरांना हे वेगळे शिकवावे लागत नाही.

हे कोणी शिकायचे

पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचे संग्रहालय उभे केले आहे. ते मोलाचे काम आहे आणि धुळ्या-जळगावच्या मुलांना सहलीत ते दाखवावे. पण रेंजरची जागा अजून संग्रहालयात नाही. ती रस्त्यावर चालू शकते आणि चालायला हवी, कारण आपल्याकडे सायकलीची गरज संपलेली नाही. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ तालुक्यांत, शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात, खानदेशातल्या मुलींनाही. त्या सायकलींनी अनेक मुलींचे शिक्षण टिकवले आहे. पण सायकल देताना पाना कोणी दिला नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर चाक खरखरते, दुसऱ्यानंतर डुगडुगते आणि त्यानंतर सायकल भिंतीला टेकून उभी राहते. मुलगी पुन्हा पायी निघते किंवा शाळाच सुटते. एक झिजलेला कोन एवढे करू शकतो.

दुकानांची अवस्थाही पाहावी. तयार चाके स्वस्त झाल्यापासून ‘चाकच बदलून टाका’ असे सांगणे दुकानदाराला सोपे पडते. हब उघडून जुळवायला जो वेळ जातो, त्याची मजुरी गिऱ्हाईक द्यायला तयार नसते. मग मिस्त्रीचा मुलगा मोटारसायकलच्या गॅरेजात जातो आणि बोटांनी खरखर ओळखणारी पिढी तिथेच संपते. मिस्त्रीने अर्धा तास बसून कोन जुळवला तर त्याला त्या अर्ध्या तासाचे पैसे मिळालेच पाहिजेत. नव्या चाकापेक्षा ते कमीच पडतात.

आणि शाळांनी आपला वाटा उचलावा. एका माध्यमिक शाळेला किती लागते? १३ ते १७ मिलिमीटरच्या पातळ पान्यांचा एक संच, दोन साधे पाने, एपी-थ्रीचा एक डबा, ३/१६ आणि पाव इंची छर्ऱ्यांच्या पुड्या, काही जोड कोन आणि चिंध्या. गावातल्या मिस्त्रींना मानधन देऊन सहामाही परीक्षेनंतर एक दिवस बोलवावे. मुलींनी स्वतःच्या सायकलीचे चाक स्वतः काढावे, छर्रे मोजावेत, कोन उजेडात धरून पाहावा, ग्रीस भरावे आणि खेळ निघेपर्यंत जुळवावे. पहिले चाक वेळ घेईल, दुसरे कमी. कोनवर भार एकाच जागी का येतो, सारख्या मापाचे छर्रे का लागतात, हे विज्ञानाच्या पुस्तकातले दोन धडे त्यात आपोआप होतील. ज्या मुलीला हे जमेल तिची सायकल बारावीपर्यंत चालेल, आणि पुढे तिच्या धाकट्या भावाचीही तीच दुरुस्त करील. दिवाळीच्या सुटीआधीचा एक दिवस या कामासाठी राखून ठेवावा, असे जिल्ह्यातल्या मुख्याध्यापकांना माझे कळकळीचे सांगणे आहे.